स्पंज ते सिरॅमिक: ॲल्युमिनाचा सच्छिद्र फोम करताना आणि वापरताना

ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्याचा फोम कसा करायचा हे कुठेही वाचलं तर कृती तीन वाक्यांत आटपते. पॉलियुरेथेनचा स्पंज स्लरीत, म्हणजे पावडर पाण्यात कालवून केलेल्या राड्यात बुडवायचा, जादा स्लरी पिळून काढायची, वाळवून भाजायचा. स्पंज जळून जातो आणि त्याच्याच आकाराचं सिरॅमिक मागे राहतं. श्वार्ट्झवाल्डर आणि सोमर्स यांना १९६३ साली मिळालेल्या अमेरिकन पेटंटात हीच कल्पना आहे आणि ती आजही तशीच चालते. पण सगळा वेळ आणि सगळी नासाडी होते ती या तीन वाक्यांच्या मधल्या जागांत. आमचं काम आता पूर्ण झालंय, म्हणून त्या जागा क्रमाने लिहून ठेवतोय.

ठरवलेला तुकडा असा: भाजून झाल्यावर ५० मिलिमीटर चौरस, सुमारे २० मिलिमीटर जाड, २० पीपीआय, सच्छिद्रता ८५ टक्के. पीपीआय म्हणजे एका इंचात साधारण किती छिद्रं येतात तो आकडा. छिद्रं १० ते ५० मायक्रॉनची, म्हणजे बारीक गाळणीसारखी हवी असतील तर हा मार्ग नको. तिथे स्लरीत स्टार्च मिसळतात. बटाट्याच्या स्टार्चचे दाणे मोठे, मक्याचे १०-१५ मायक्रॉनचे, तांदळाचे ५ च्या आसपास, त्यामुळे छिद्राचा आकार स्टार्च निवडतानाच ठरतो. स्लरी ६० ते ८० अंशांवर तापवली की स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि साच्यातच सगळं घट्ट बसतं. ती पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, पण छिद्रं एकमेकांना अरुंद तोंडांनी जोडलेली राहतात. भरपूर वायू किंवा वितळलेला धातू आरपार जायला हवा असेल तर स्पंजाला पर्याय नाही.

पावडरीला हात लावण्याआधी भट्टीचा अर्ज टाकावा, कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच पाहावी लागते. १५५० अंशांची भट्टी सहसा सामायिक असते आणि ती सांभाळणाऱ्यांना नमुन्यातून काय बाहेर पडणार हे आधी कळायला हवं असतं. नुसतं 'ॲल्युमिना' लिहिलं तर अर्ज परत येतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि आयसोसायनेटच्या वाफा निघतात. त्यातलं डांबर भट्टीच्या इन्सुलेशनवर बसतं. म्हणून अर्जासोबत स्पंजाची सुरक्षा माहितीपत्रिका, एका तुकड्यात स्पंज आणि बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) किती ग्रॅम आहे तो हिशेब, तापमानाचं पूर्ण वेळापत्रक, तुकडा कशावर ठेवणार आणि धूर कुठे जाणार हे सगळं जोडावं. सोडियम असलेलं काही वापरलं असेल तर तेही सांगावं, अल्कलीच्या वाफा हीटिंग एलिमेंट आणि अस्तर दोन्ही खातात.

यातून एक चांगला तोडगा निघाला. भाजणी दोन टप्प्यांत करायची. स्पंज जाळून ११०० अंशांपर्यंत नेणं साध्या वायर-एलिमेंटच्या भट्टीत, धूर ओढणाऱ्या पाइपाखाली. अंतिम १५५० मोलिब्डेनम डायसिलिसाइडच्या भट्टीत, जिथे स्पंजाच्या धुराचा आता प्रश्नच उरत नाही. भट्टी दोनदा लागते, पण मधल्या टप्प्यावर दुसरा थर देता येतो, आणि पुढे दिसेल की तो थर नसेल तर फोम वापरण्याजोगा होत नाही.

स्पंज घेताना 'रेटिक्युलेटेड' असं स्पष्ट मागावं. गादीच्या साध्या स्पंजात कप्प्याकप्प्यांमध्ये पातळ पडदे असतात, तिथे स्लरी अडकते आणि कप्प्यांना जोडणाऱ्या खिडक्या बंद होतात. रेटिक्युलेटेड स्पंजातले पडदे कारखान्यातच काढलेले असतात. तरी काही राहतात. तुकडा दिव्यासमोर धरून तिरका फिरवला की उरलेले पडदे चकाकतात. एस्टर जातीच्या स्पंजाला कॉस्टिक सोड्याच्या कोमट, १० टक्के द्रावणात थोडा वेळ ठेवलं तर पडदे विरघळतात आणि स्पंजाच्या जाळीतल्या काड्यांचा पृष्ठभाग खरखरीत होऊन स्लरी धरून ठेवतो. ईथर जातीवर सोड्याचा फारसा परिणाम होत नाही, तिथे हा खटाटोप करू नये. धुणं मात्र मनापासून करावं. पाणी लिटमसला उदासीन येईपर्यंत. राहिलेलं सोडियम स्लरीही बिघडवतं आणि भट्टीवाल्यांनाही चालत नाही.

तुकडा कापताना आकसणं धरावं लागतं. थर वाळल्यावर पावडर साधारण ५५ टक्के घनतेने रचलेली असते, भाजून ती ९८ च्या जवळ जाते. घनमूळ काढलं की लांबीत १७ टक्के घट येते. म्हणजे ५० मिलिमीटरसाठी ६० चा स्पंज. जाडी २५ घेतली. आकारमान झालं ९० घन सेंटिमीटर आणि स्पंजाचं वजन २.६ ग्रॅम.

आता एक हिशेब, ज्याने पुढचं सगळं काम ताब्यात राहतं. भाजलेल्या तुकड्याचं आकारमान सुमारे ५१.५ घन सेंटिमीटर. त्यातला १५ टक्के भाग घन, ॲल्युमिनाची घनता ३.९८. म्हणजे तुकड्यात ३१ ग्रॅम ॲल्युमिना बसायला हवा. स्लरीत वजनाने ७४ टक्के ॲल्युमिना असेल तर एकूण ४२ ग्रॅम ओली स्लरी. हे आकडे कागदावर लिहून तराजूशेजारी चिकटवावेत. स्लरी 'पुरेशी लागली' की नाही हे डोळ्यांना कळत नाही, तराजूला कळतं.

स्लरीचं प्रमाण: अल्फा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचं सगळ्यात स्थिर रूप) १००० ग्रॅम, मध्यम कण अर्ध्या मायक्रॉनचा. पाणी २३५ ग्रॅम. डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारा पदार्थ: अमोनियम पॉलिमेथाक्रिलेटचं २५ टक्क्यांचं द्रावण २० ग्रॅम. बाइंडर: पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं १५ टक्क्यांचं द्रावण १०० ग्रॅम, कमी रेणुभाराचं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आदल्या दिवशीच विरघळवून ठेवावं. थंड पाण्यावर भुरभुरायचं, ढवळत ८० ते ८५ अंशांपर्यंत न्यायचं, पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. गरम पाण्यात एकदम टाकलं तर गोळे होतात आणि ते गाळण्याशिवाय इलाज नसतो. पावडर मोजताना मास्क हवाच, इतकी बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगते.

डिस्पर्संट का लागतो हे समजून घेतलं तर पुढची बरीच दुखणी स्वतःच ओळखता येतात. ॲल्युमिनाच्या कणावरचा विद्युतभार सामू ९ च्या आसपास शून्य होतो. भार नाही म्हणजे कण एकमेकांना ढकलत नाहीत, गुठळ्या होतात. पॉलिमेथाक्रिलेट कणावर बसलं की पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि त्याच सामूला स्लरी पाण्यासारखी वाहते. स्लरीचा सामू ९ च्या आसपास राखावा, उतरला तर अमोनियाचे थेंब घालावेत. डिस्पर्संट कमी पडला तर स्लरी घट्ट होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जास्त झाला तरीही ती घट्टच होते आणि मग माणूस घट्ट झाली म्हणून आणखी ओततो. पावडरीचा लॉट बदलला की थोड्या थोड्या स्लरीत ०.३, ०.५ आणि ०.७ टक्के क्रियाशील डिस्पर्संट घालून सगळ्यात पातळ कुठली होते ते बघावं, एका तासाचं काम आहे.

भाजताना होणारी कणवाढ आवरण्यासाठी ०.०५ ते ०.१ टक्का मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालतात, पण बऱ्याच तयार पावडरींत ती असतेच. वेगळी घालायची असेल तर जपून. मॅग्नेशिया पाण्यात हळूहळू विरघळते, तिचे दोन भारांचे आयन डिस्पर्संटला निकामी करतात, आणि सकाळी छान असलेली स्लरी संध्याकाळपर्यंत दह्यासारखी बसते.

दळण्यासाठी दोन लिटरचा पॉलिथिलीनचा जार, त्यात ॲल्युमिनाचेच १० मिलिमीटरचे गोळे निम्म्या उंचीपर्यंत, वजनाने दोन किलोच्या थोडं वर. गोळे झिजतात, पण झीज ॲल्युमिनाचीच असल्याने भेसळ होत नाही. जाराचा आतला व्यास १५ सेंटिमीटर असेल तर गोळे भिंतीला चिकटून फिरू लागण्याचा वेग मिनिटाला ११० फेऱ्यांच्या आसपास येतो. त्याच्या ६५ टक्के, म्हणजे ७० फेऱ्या ठेवाव्यात. गोळे कोसळल्याचा खळखळ आवाज येत राहिला पाहिजे. नुसती घसरण्याची घरघर येत असेल तर दळण होत नाही, जार नुसता फिरतोय. आधी पाणी, डिस्पर्संट आणि पावडर, १२ ते २४ तास. बाइंडर सगळ्यात शेवटी, तोही हलक्या हाताने. आधी घातला तर दळताना फेस येतो. फेस आलाच तर ऑक्टेनॉलचे दोन-तीन थेंब, आणि मग डबा निर्वातात ठेवून बुडबुडे काढायचे.

इथे बहुतेकांची फसगत होते, कारण दळून उत्तम झालेली स्लरी फोमसाठी चांगली नसते. ती फार वाहते. आपल्याला पिळताना पातळ आणि थांबल्यावर घट्ट होणारी स्लरी हवी. त्यासाठी ॲल्युमिनाच्या ०.५ ते १ टक्का बेंटोनाइट ही माती, किंवा ०.१ ते ०.२ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज घालतात. बेंटोनाइट सोपं आहे, पण ते सिलिका आणि इतर ऑक्साइड सोबत आणतं आणि उच्च तापमानाला कणांच्या सीमेवर काच तयार होते. उत्प्रेरकाचा आधार करायचा असेल तर सेल्युलोजच घ्यावा. परीक्षा सोपी: उभ्या काचेवर एक थेंब सोडावा. थेंब एक-दोन सेंटिमीटर घसरून जागीच थांबला तर ठीक. खालपर्यंत ओघळला तर स्लरी वाळताना स्पंजाच्या तळाला जमा होणार. जिथे पडला तिथेच राहिला तर ती आतपर्यंत पोचणारच नाही.

बुडवताना स्पंज आधी दाबून चपटा करायचा, तसाच स्लरीत न्यायचा आणि आत सोडायचा. तो फुगताना स्लरी स्वतःच ओढून घेतो. असं चार-पाच वेळा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग दोन रोलरांमधून. रोलरांमधलं अंतर जाडीच्या २० ते २५ टक्के, म्हणजे २५ मिलिमीटरच्या तुकड्याला पाच-सहा मिलिमीटर. एकदा काढून काटकोनात फिरवून पुन्हा. हाताने पिळूनही होतं, पण बोटांखाली कोरडं आणि मध्ये ओलं राहतं, आणि प्रत्येक तुकडा वेगळा निघतो. पहिल्या थराला ३० ग्रॅम स्लरी पुरे. त्यात २२ ग्रॅम ॲल्युमिना येतो. सगळी ४२ ग्रॅम एकदम बसवायचा मोह होतो, पण मग खिडक्या भरतात.

पिळून झालेला तुकडा डोळ्यांजवळ धरला की आत काय चाललंय ते दिसतं. स्पंजाची काडी गोल नसते, तीन कडांची असते. स्लरी पृष्ठताणामुळे त्या कडांवरून मागे सरते आणि सपाट बाजूंवर जमते. म्हणजे थर जिथे जाड हवा नेमका तिथेच सगळ्यात पातळ. भाजल्यावर काडीच्या लांबीने जाणारे केसासारखे तडे याच कडांवर पडतात. ओल्या तुकड्यात ही कड किंचित फिकट, स्पंजाच्या मूळ रंगाची झाक असलेली दिसते. पहिल्या थरात हे पूर्ण टाळता येत नाही. बंद पडलेल्या खिडक्या मात्र आत्ताच उघडाव्यात, हलकी हवा फुंकून. वाळल्यावर फुंकलं तर पापुद्रा तुटून आत पडतो.

वाळवायला जाळीवर ठेवावं, सपाट ताटलीत नाही. पहिल्या तासात दोन-तीनदा उलटावं, नाहीतर स्लरी खाली उतरून एक बाजू जड होते. २४ तास खोलीच्या तापमानाला, वाऱ्याचा झोत न येणाऱ्या जागी, मग ६० आणि शेवटी ११० अंश. पंखा लावला तर बाहेरचा भाग आधी आकसतो, बाइंडर पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि आतल्या काड्या भुसभुशीत राहतात. वाळलेला तुकडा २५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा: २२ ॲल्युमिना, २.६ स्पंज आणि थोडा बाइंडर.

मग पहिली भाजणी. लोक १५५० च्या नावाने घाबरतात, पण तुकडा वाचतो किंवा जातो तो २०० ते ६०० अंशांच्या दरम्यान. पॉलियुरेथेन तापल्यावर सिरॅमिकच्या दहापटीहून जास्त फुगतं आणि भोवतीच्या कच्च्या थराला आतून ढकलतं. मग ते मऊ होतं, साधारण २५० ते ४०० अंशांमध्ये दोन टप्प्यांत विघटन पावतं, आणि निघालेल्या वायूला बाहेर पडायला कणांमधल्या फटींशिवाय वाट नसते. वेग जास्त झाला की काड्या फुटतात. म्हणून: २०० अंशांपर्यंत मिनिटाला १.५ अंश, २०० ते ४५० मिनिटाला फक्त अर्धा अंश, ४५० ला एक तास थांबा, ६०० पर्यंत मिनिटाला १ अंश, तिथे पुन्हा एक तास, मग ११०० पर्यंत मिनिटाला ३ अंश आणि शेवटी एक तास. एकूण साडेअठरा तास, त्यातले आठ तास वीस मिनिटं नुसत्या २०० ते ४५० मध्ये. वेळापत्रकात काटछाट करायची झाली तर ती वरच्या भागात करावी, इथे नको.

थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) आणि तुकडा यांच्या तापमानात फरक असतो हेही लक्षात ठेवावं. स्पंज जळताना स्वतःची उष्णता सोडतो. भट्टी गच्च भरली तर मधले तुकडे अचानक पुढे धावतात, कंट्रोलरला त्याचा पत्ता लागत नाही, आणि कडेचे चांगले व मधले फुटलेले निघतात. एका वेळी कमी तुकडे, मध्ये मोकळी जागा आणि हवा आत यायची वाट हवी. हवा अपुरी पडली तर काड्यांच्या आत काळा कार्बन राहतो.

५०० ते ९०० च्या दरम्यान तुकडा सगळ्यात नाजूक असतो. स्पंज गेला, बाइंडर गेला, आणि कण अजून एकमेकांना चिकटून जोडले गेलेले नाहीत. थर फक्त कणांच्या घर्षणावर उभा असतो. या वेळात भट्टीचं दार उघडू नये, शेजारी कंप पावणारी मशीनही चालवू नये. म्हणूनच ६०० ला काढून दुसऱ्या भट्टीत हलवण्याचा बेत करू नये. ११०० नंतर तुकडा खडूसारखा होतो, जपून उचलता येतो, आकसलेला जेमतेम असतो.

बाहेर काढल्यावर आधी वजन. २२ ग्रॅम अपेक्षित. एखाद-दुसरा ग्रॅम कमी असेल तर भट्टीच्या तळाला भुगा सापडेल, आणि तो भुगा कुठल्या बाजूचा आहे यावरून कारणही कळतं. सगळीकडून थोडा थोडा असेल तर तापवण्याचा वेग जास्त, फक्त तळाशी असेल तर वाळताना स्लरी उतरली होती.

दुसरा थर. आता तुकडा पिळता येत नाही, म्हणून स्लरी पातळ लागते: आधीच्या १०० ग्रॅम स्लरीत १२ ग्रॅम पाणी, म्हणजे वजनाने ६६ टक्के ॲल्युमिना. कोरडा तुकडा थेट बुडवला तर सच्छिद्र काड्या स्लरीतलं पाणी क्षणात शोषतात आणि अरुंद खिडक्यांत ती जागीच घट्ट होते. आधी साध्या पाण्यात भिजवून, हवेने झटकून मग बुडवावा. शक्य असेल तर निर्वातात. स्पंज जळाल्यावर प्रत्येक काडी आतून पोकळ झालेली असते, त्रिकोणी बोगद्यासारखी. निर्वातात स्लरी कडांवरच्या तड्यांतून त्या पोकळीत शिरते. बाहेर काढून १५-२० सेंटिमीटरवरून एक-दोन बारच्या हवेने दोन्ही बाजूंनी झटकायचं, तराजूवर ठेवायचं, साडेतेरा ग्रॅम स्लरी राहीपर्यंत पुन्हा झटकायचं. त्यात उरलेले ९ ग्रॅम ॲल्युमिना येतात. वाळवणं पहिल्यासारखंच, फक्त उलटापालट कमी.

या थराने वजन चाळीसेक टक्के वाढतं, ताकद त्याहून जास्त. ठिसूळ फोमची दाबाखालची ताकद सापेक्ष घनतेच्या (आकारमानातल्या घन भागाच्या प्रमाणाच्या) दीड घाताप्रमाणे वाढते हे गिब्सन आणि ॲशबी यांचं गणित. १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेलं तर १.८ पट. पण तो हिशेब काड्या अखंड धरून आहे. प्रत्यक्षात दुसरा थर आधीचे तडे बुजवतो, म्हणून फायदा गणितापेक्षा जास्त मिळतो.

अंतिम भाजणी त्यामानाने शांत. ६०० पर्यंत मिनिटाला २ अंश, कारण दुसऱ्या थरातला बाइंडर जायचा असतो. पुढे १५५० पर्यंत मिनिटाला ४, दोन तास थांबा, उतरताना मिनिटाला ४ ते ५ च्या वर नाही. तापवणं आणि थांबा मिळून अकरा तास. आकसणं जवळजवळ सगळं याच फेरीत होतं, त्यामुळे तळ कशावर टेकलाय याला महत्त्व येतं. ॲल्युमिनाच्या प्लेटवर नुसता ठेवला तर खालच्या काड्या अडकतात, वरच्या आत सरकतात, आणि तळाला फाटलेली ओळ उमटते. प्लेटवर जाडसर ॲल्युमिनाच्या दाण्यांचा पातळ थर पसरला की तुकडा त्यावर सरकत आकसतो.

मोजमापात एक सापळा आहे. सच्छिद्रता म्हटलं की आर्किमिडीज पद्धत आठवते: कोरडं वजन, पाण्यात टांगलेलं वजन, भिजलेलं वजन. स्टार्चच्या बारीक छिद्रांना ती उत्तम लागू पडते, नमुना पाण्यात उकळून छिद्रं भरून घ्यायची. पण २० पीपीआयच्या फोममधून पाणी उचलताक्षणी गळून जातं, भिजलेलं वजन म्हणजे निव्वळ अंदाज. इथे कॅलिपर आणि तराजू पुरे. ३१ ग्रॅम भागिले ५१.५ घन सेंटिमीटर म्हणजे ०.६, त्याला ३.९८ ने भागलं की १५ टक्के घन. छिद्रांत दाबाने पारा घुसवणाऱ्या पोरोसिमीटरवर काड्यांमधले तडे आणि पोकळ्या कळतात, पण ते यंत्र छिद्राचं पोट मोजत नाही, तोंड मोजतं. मोठ्या पोटाचं छिद्र अरुंद तोंडामागे असेल तर ते सगळं तोंडाच्या मापात जमा होतं.

दाबून ताकद तपासताना वर-खाली पुठ्ठा किंवा पातळ रबर द्यावं. नाहीतर पृष्ठभागावरच्या चार काड्यांवर सगळा भार येतो आणि आकडा फसवा मिळतो. दोन थरांच्या ८५ टक्के फोमला १ ते २ मेगापास्कलच्या आसपास आकडे येणं सामान्य आहे. विखुरणं मोठं असतं. एकाच भट्टीतले दोन तुकडे दुपटीने वेगळे निघू शकतात, म्हणून एका तुकड्याच्या आकड्यावरून काही ठरवू नये.

वापराकडे वळू. वितळलेल्या ॲल्युमिनियमची गाळणी हा या फोमचा जुना उपयोग. आधी दाबाच्या हवेने सुटे कण झटकून टाकावेत, नाहीतर गाळणीच धातूत कचरा सोडते. मग २०० अंशांच्या वर चांगला वाळवावा आणि ओतण्याआधी तापवून घ्यावा. ही सूचना वगळण्यासारखी नाही: फोम हवेतला ओलावा धरतो, आणि ओलाव्यावर वितळलेला धातू पडला की वाफेचा स्फोट होतो. शिवाय ॲल्युमिना अंशामागे दहा लाखांत ८ भाग प्रसरण पावतो, अचानक तापल्यावर तडकतो. त्याबाबतीत कॉर्डिएराइट हे दुसरं सिरॅमिक कितीतरी सोशिक, म्हणून वाहनांच्या उत्प्रेरकातली मधमाशीच्या पोळ्याची रचना त्याची असते. पण त्याला ॲल्युमिनाइतकं तापमान सोसत नाही.

धातू ओतल्यावर तो लगेच खाली उतरत नाही, याची तयारी ठेवावी. वितळलेलं ॲल्युमिनियम ॲल्युमिनासारख्या ऑक्साइडला भिजवत नाही. पृष्ठताण ०.८६ न्यूटन प्रति मीटर, स्पर्शकोन १३० अंश आणि खिडकी १ मिलिमीटर धरली तर धातू आत ढकलायला दोन हजार पास्कलच्या थोडा वर दाब लागतो, म्हणजे गाळणीच्या वर नऊ-दहा सेंटिमीटर धातूची उंची. खिडकी निम्मी केली की उंची दुप्पट. ३० पीपीआयचा फोम जास्त स्वच्छ गाळतो म्हणून घेतला आणि वर उंचीच ठेवली नाही, तर धातू गाळणीवरच थिजतो. कडेच्या फटीतून न गाळलेला धातू जाऊ नये म्हणून सिरॅमिक फायबरची पट्टी भोवती बसवावी, कापताना मास्क लावून. एकदा वापरलेली गाळणी पुन्हा वापरता येत नाही.

दुसरा उपयोग उत्प्रेरकाचा आधार. १५५० ला भाजलेल्या फोमला स्वतःचं पृष्ठक्षेत्र जवळपास नसतंच, ग्रॅमला १ चौरस मीटरही नाही. ते वरून चढवावं लागतं. १० टक्के बोहेमाइट (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड-हायड्रॉक्साइड) पाण्यात घेऊन नायट्रिक आम्लाने सामू ३ ते ४ वर आणला की दुधट सोल, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत राहणारं द्रव तयार होतं. फोम बुडवायचा, हवेने झटकायचा, ११० अंशांना वाळवायचा, ५०० ला दोन-तीन तास भाजायचा. बोहेमाइटचं गॅमा ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनाचं खूप पृष्ठक्षेत्र असलेलं रूप होतं, ग्रॅमला सुमारे २०० चौरस मीटर. एका बुडवणीत वजनाच्या तीन-पाच टक्के थर येतो, म्हणून दोन-तीन बुडवण्या लागतात. घाईने जाड थर दिला तर तो सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखा भेगाळतो आणि वायूच्या प्रवाहात पापुद्रे उडतात. ३१ ग्रॅमच्या तुकड्यावर ३ ग्रॅम गॅमा बसला तर पूर्ण तुकड्याचं क्षेत्र ६०० चौरस मीटर होतं, म्हणजे सरासरी ग्रॅमला १८. थर नीट धरला की नाही हे बघायला तुकडा पाण्यात घालून अल्ट्रासाउंडच्या टबात थोडा वेळ ठेवावा, वाळवून वजन करावं. घट एक-दोन टक्क्यांहून जास्त असेल तर सोल पातळ करून पुन्हा सुरुवात. प्लॅटिनम किंवा निकेलचं क्षार-द्रावण चढवायचं ते यानंतरच, आणि त्या थराला पुढे १००० अंशांच्या वर नेऊ नये. ११०० च्या आसपास गॅमाचा अल्फा होतो, क्षेत्र कोसळतं आणि वर बसवलेला धातू आत गाडला जातो.